१८ हजारांत प्रोग्रॅमिंगसाठी टॅब: भावासाठी कोणता घ्यावा?

नीरेकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव फलटण तालुक्यात, कॉलेजला जाणं-येणं एसटीनं, एका वेळेला तासभर. घरात जुना डेस्कटॉप होता, त्याचा मदरबोर्ड दिवाळीत गेला. तेव्हापासून तो मोबाइलवर सी आणि पायथनची प्रॅक्टिकलं करतोय. गेल्या रविवारी घरी गेले तेव्हा पाहिलं, मोबाइल भिंतीला टेकवून उभा केलेला आणि हा आधी वहीत पेनानं प्रोग्रॅम लिहितोय, मग एकेक ओळ बघून टाइप करतोय. स्क्रीनवर कीबोर्ड उघडला की वर जेमतेम पाच-सहा ओळी दिसतात, म्हणून वही. मला ते बघवलं नाही.

मी पुण्यात अकाउंट्समध्ये आहे, या क्षेत्रातलं मला कळत नाही. साठवलेले १८ हजार आहेत, ओढूनताणून २० होतील. दुकानदार म्हणाला, एवढ्यात नवा लॅपटॉप धड येत नाही, टॅब घ्या. त्यानं एक १० इंची दाखवला, "४+४ जीबी रॅम", किंमत १० हजार. टॅबवर खरंच प्रोग्रॅमिंग शिकता येतं का? आणि येत असेल तर कोणता घेऊ? माझे पैसे एकदाच खर्च होणार आहेत, म्हणून विचारतेय.

सहा_बावीसची_लोकल

ताई, तो १० हजारांचा घेऊ नका. "४+४" म्हणजे आठ नव्हे. खरी रॅम चारच जीबी. वरचे चार म्हणजे स्टोरेजमधली जागा रॅमच्या नावानं वापरायची, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटींनी हळू असतं. अँड्रॉइड आणि त्याची कायम चालू असणारी ॲप्स मिळून दोनेक जीबी सुरुवातीलाच घेतात. उरलेल्यात ब्राउझरमध्ये नोट्स उघडल्या आणि बाजूला एडिटर उघडला की मागचं ॲप बंद पडतं, परत गेलं की सगळं पहिल्यापासून.

असाच एक टॅब मी दोन वर्षं लोकलमध्ये वापरला. बदलापूरला बसायचो आणि दादर येईपर्यंत तीनदा प्रोग्रॅम नव्यानं उघडावा लागायचा. खोक्यावर अधिकचं चिन्ह दिसलं तर फक्त पहिला आकडा वाचा. तो ८ असावा. ६ वर अगदी नाइलाजानं उतरा.

जुनाकोडर

माझं मत वेगळं आहे, आणि कळकळीनं सांगतो. २० हजारांत नवा लॅपटॉप नको, पण टॅबही नको. वापरलेला लॅपटॉप घ्या. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली यंत्रं काढून टाकतात आणि ती दुरुस्त करून बाजारात येतात. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५, हे सगळे २०१८ चे, इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी अशा अवस्थेत ते तुमच्या बजेटच्या आसपास मिळतात. रॅम पुढे वाढवता येते. टॅबची रॅम आयुष्यभर तीच.

आठवी पिढी मुद्दाम म्हणालो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट्स बंद झाले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं. सातवी किंवा त्याआधीची स्वस्त मिळेल, पण मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची तयारी हवी. माझ्या मते ती तयारी करावीच.

टॅबवर काय होत नाही ते आजच समजून घ्या. अँड्रॉइडची ॲप्स बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ अँड्रॉइड टॅबवर चालत नाही. डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) नीट चालत नाही. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे यंत्राच्या आत दुसरं यंत्र, विसरा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला यातलं काहीतरी लागेल आणि तेव्हा पुन्हा पैसे घालावे लागतील. २६ वर्षं या धंद्यात आहे, मुलाच्या हातात पूर्ण यंत्र असावं असं मनापासून वाटतं.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

जुनाकोडर काकांशी बराच सहमत. पण वापरलेला लॅपटॉप घेताना काय तपासायचं ते सांगतो, कारण माझ्या दुकानात रोज रडवेले चेहरे येतात.

चार्जर काढून लॅपटॉप चालू करायला सांगा. मग कमांड प्रॉम्प्टवर "पॉवरसीएफजी", एक जागा सोडून तिरकी रेघ आणि "बॅटरीरिपोर्ट" (अर्थात रोमन अक्षरांत) टाकलं की एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. बायोसला (लॅपटॉप सुरू होताना आधी चालतो त्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड आहे का बघा, कंपनीचा लॉक राहिलेला असतो. स्क्रीन दहा वेळा उघडझाप करा, बिजागरी कुरकुरली तर सोडून द्या.

आणि ताई, एक विचारतो. गावाकडे विजेचं काय? सगळं त्यावर आहे.

नीरेकाठची

इतक्या पटकन उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

वीज बेभरवशाची. वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भाऊ तिथे बसतो. संध्याकाळी ६ ते ९ बरेचदा लाइट नसते. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फॅट मशीन, वजनकाटा आणि एक बल्ब एवढंच ठेवतात. वडील म्हणतात, मशीन बंद पडलं तर लोक दूध घेऊन परत जातील. त्यामुळे लॅपटॉपचा चार्जर तिथे लावायची सोय नाही. अभ्यासाचा त्याचा खरा वेळ म्हणजे केंद्रावर गर्दी ओसरल्यावरचा एक तास आणि एसटीतले दोन तास. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत, आठवड्यातून तीनदा.

जुनाकोडर काका, तुमचं म्हणणं पटतंय, पण त्या बॅटरीच्या गोष्टीनं धास्ती बसली.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

मग चित्र बदललं. या लॅपटॉपना ४५ ते ६५ वॉटचा चार्जर लागतो. टॅब १०-१५ वॉटवरही चार्ज होतो, म्हणजे मोबाइलचा साधा पॉवर बँक चालतो. सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपची बॅटरी दीड-दोन तास टिकली तरी नशीब. दहा इंचांवरचा नवा टॅब नुसतं टायपिंग आणि टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) संध्याकाळभर सहज जातो. तुमच्या भावाला टॅबच घ्या.

टर्मिनलवेडा

मी गेली तीन वर्षं टॅबवरच शिकलो, आता नोकरीला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा खेळ टर्मक्स या ॲपवर आहे. टॅब रूट न करता, म्हणजे सिस्टिमचं कुलूप न तोडता, त्यात लिनक्ससारखं टर्मिनल मिळतं. ते एफ-ड्रॉइड (मोफत ॲप्सचं भांडार) किंवा गिटहब (कोड ठेवायची साइट) इथून घ्यायचं. टर्मक्सची जोड-ॲप्ससुद्धा त्याच जागेवरून घ्यायची. एक इथून, एक तिथून असं केलं तर ॲपची डिजिटल सही जुळत नाही म्हणून इन्स्टॉलच होत नाही.

आत गेल्यावर "पीकेजी इन्स्टॉल" लिहून पुढे हवं ते नाव द्यायचं: क्लँग, पायथन, गिट, नोडजेएस. (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना सगळं रोमन लहान अक्षरांत.) क्लँग हा कंपायलर, तो टाकला की सी आणि सी++ दोन्ही आले. जीसीसी (दुसरा प्रसिद्ध कंपायलर) अशी कमांड दिली तरी चालते, ती क्लँगलाच जाऊन मिळते.

नवखा माणूस पहिल्या आठवड्यात जिथे अडकतो ती जागा सांगतो. फाइल्स सापडाव्यात म्हणून आपण त्या टॅबच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवतो. तिथे प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण चालवायला गेलं की "परमिशन डिनाइड". आपण समजतो आपलंच काही चुकलं. चुकलेलं नसतं. त्या सामाईक स्टोरेजमधून प्रोग्रॅम चालवायला अँड्रॉइडची परवानगी नाही. तिथे सिमलिंकही (एका फाइलकडे बोट दाखवणारी दुसरी फाइल) बनत नाहीत, म्हणून पायथनचं व्हेन्व्हसुद्धा (एका प्रोजेक्टच्या लायब्ररी वेगळ्या ठेवायची सोय) अर्ध्यात मोडतं. सगळं काम टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये करायचं. आणि टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की ते होम फोल्डर पुसलं जातं, आतल्या सगळ्या कामासकट. म्हणून पहिल्या दिवसापासून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), आणि कोडची प्रत गिटहबवर.

पायथनच्या मोठ्या लायब्ररींची दुसरी अडचण. पिपवर (पायथनची पॅकेजेस आणणारं साधन) लिनक्ससाठी तयार मिळणारी, आकडेमोडीच्या नमपायसारखी पॅकेजेस जीलिबसी ही लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी धरून बांधलेली असतात आणि अँड्रॉइडची सी लायब्ररी वेगळी आहे, बायोनिक. त्यामुळे पिप ती टॅबवरच बांधायला घेतं, अर्धा तास पंखा नसलेला टॅब तापतो आणि शेवटी लाल अक्षरं येतात. नमपाय टर्मक्सच्याच भांडारातून घ्यायचं, "पायथन-नमपाय" नावानं. याहून जास्त लागलं तर प्रूट-डिस्ट्रो वापरून आत पूर्ण डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवता येतं. तिथे पिप नेहमीसारखं चालतं. थोडं हळू असतं, कारण प्रोग्रॅमनं सिस्टिमकडे केलेल्या बऱ्याच मागण्या मधे अडवून तपासल्या जातात, पण दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला पुरतं.

लातूरची_मॅडम

मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स शिकवते, त्यामुळे मुलांची अडचण जवळून बघते.

टर्मिनलवेडा यांनी छान लिहिलंय. एक भर घालते. अनेक कॉलेजांमध्ये अजून टर्बो सी वर शिकवतात. प्रॅक्टिकलच्या वहीतला प्रोग्रॅम जसाच्या तसा टॅबवर टाइप केला की पहिल्याच ओळीला "कोनिओ डॉट एच फाइल नॉट फाउंड" येतं. मागच्या वर्षी एका मुलीनं मला रात्री साडेदहाला फोन केला. आवाज रडवेला. म्हणाली, मॅडम, टॅब खराब निघाला. टॅब ठणठणीत होता. कोनिओ हे डॉसच्या काळातलं हेडर, सी भाषेच्या प्रमाण व्याख्येत ते नाहीच. तिला फोनवरच सांगितलं: ती ओळ काढ, क्लियरस्क्रीन आणि गेटसीएच काढ, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिही, शेवटी रिटर्न झीरो. पाच मिनिटांत आउटपुट आलं. परीक्षेत सर मागतील तसं लिही, घरी प्रमाण सी लिही, आणि दोन्हींतला फरक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, असं मी आता सगळ्याच मुलांना सांगते. नव्या क्लँगला जाहीर न केलेलं फंक्शन वापरलेलं अजिबात चालत नाही, तो सरळ एरर देतो. मला ते आवडतं. टर्बो सी पोटात घालतो त्या चुका इथे लगेच दिसतात.

महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी ज्या विद्यार्थ्यांना टॅब मिळाले, त्यांतले काही इथे वाचत असतील. त्यांनी नवा घेण्याआधी हातातल्या टॅबवर बाहेरचं ॲप टाकता येतं का, एवढं नक्की बघावं.

पावसाळी_ढग

आयपॅड घेतला तर? वापरलेला मिळतो २० मध्ये.

टर्मिनलवेडा

स्विफ्ट शिकायचं असेल तर स्विफ्ट प्लेग्राउंड्स सुरेख आहे, २०२१ पासून त्यातून पूर्ण ॲपही बनवता येतं. ए-शेलमध्ये पायथन चालतं. आयएसएच मध्ये लिनक्स मिळतं, पण ते इंटेलच्या प्रोसेसरची नक्कल करून चालतं, म्हणून फार संथ. दुसऱ्या ॲपवर गेलं की मागचा प्रोग्रॅम थांबतो. या मुलाच्या अभ्यासक्रमाला अँड्रॉइडच बरा.

सहा_बावीसची_लोकल

कीबोर्डचं कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते निम्मं यश त्यात आहे.

कव्हरला जोडलेले ब्लूटूथ कीबोर्ड दिसायला झकास असतात. पण घेण्याआधी डाव्या कोपऱ्यातलं वरचं बटण बघा. बऱ्याच टॅब-कीबोर्डवर तिथे एस्केप नसतं, होमचं किंवा मागे जायचं बटण असतं. विम (टर्मिनलमधला एडिटर, त्यात एस्केप सारखं लागतं) शिकणाऱ्यानं तिथे सवयीनं बोट ठेवलं की एडिटरच मिटतो. मग उभी रेघ, महिरपी कंस, टिल्ड ही बटणं एकट्यानं येतात की तीन बोटं लागतात ते बघा. सी लिहिणाऱ्याला महिरपी कंस दिवसातून शंभरदा लागतो.

माझा सल्ला, साधा तारेचा यूएसबी कीबोर्ड आणि तो टॅबला लावायला एक ओटीजी जोडणी. पाचशे-सातशेत काम होतं. चार्ज करायला नको, जोडणी तुटायला नको, बटणं पूर्ण आकाराची. केंद्रावर टेबल असेलच. एसटीत मात्र हा चालणार नाही. तिथे अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड नावाचं मोफत ॲप आहे, त्यात कंट्रोल, टॅब, एस्केप, बाण सगळं स्क्रीनवर मिळतं. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं तर तेच कंट्रोलचं काम करतं.

आणि टॅबला चार्जिंगचं भोक एकच असतं. कीबोर्ड लावून चार्जिंग चालू राहतं का, ते दुकानातच हब (एका भोकाची अनेक भोकं करणारी जोडणी) लावून बघा. सगळ्यांना जमत नाही.

जुनाकोडर

विजेची बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. पुण्यात बसून मी इन्व्हर्टरवर काय चालतं याचा विचारच केला नाही. या मुलासाठी टॅब, मान्य.

पण मग दोन गोष्टी पाळा. प्रोसेसर आणि अँड्रॉइड दोन्ही ६४-बिट असायला हवेत. काही स्वस्त टॅबमध्ये चिप ६४-बिट असते आणि वर अँड्रॉइड मात्र ३२-बिट टाकलेलं असतं. टर्मक्समध्ये "यूनेम" कमांडला वजा एम जोडून दिली की कळतं: "एआर्च६४" आलं तर उत्तम, "आर्मव्ही७एल" किंवा "आर्मव्ही८एल" आलं तर परत करा, कारण नवी पॅकेजेस हळूहळू ३२-बिटचा पाठिंबा सोडत आहेत. दुसरं, त्याला सांगा की रोज रात्री गिट पुश. टॅब हरवेल, पडेल, एसटीत राहील. कोड गिटहबवर असला की कॉलेजच्या लॅबमध्ये तोच उघडता येईल, आणि अँड्रॉइड स्टुडिओसारखं जे टॅबवर होत नाही ते तिथे करता येईल. लॅबचे तीन दिवस त्यासाठी राखून ठेवायचे.

नेट बरं असेल तेव्हा गिटहब कोडस्पेसेस, म्हणजे दूरचं यंत्र ब्राउझरमधून, वापरता येतं. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. ब्राउझरमध्ये पूर्ण व्हीएस कोड हा एडिटर. मशीन लर्निंगला गूगल कोलॅब. पण गावात रेंजचा भरवसा नाही म्हणून टर्मक्स पहिलं, हे दुसरं.

नीरेकाठची

काका, तुम्ही मोकळेपणानं मत बदललंत, बरं वाटलं. आता नेमकं नाव कोणी सांगाल का?

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

नाव सांगतो, पण मॉडेल दर वर्षी बदलतात, तेव्हा नावापेक्षा कसोटी लक्षात ठेवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेले दोन: सॅमसंग टॅब ए९ प्लस, ११ इंच, स्नॅपड्रॅगन ६९५, आणि वनप्लस पॅड गो, ११.३५ इंच, हेलिओ जी९९, ८ जीबी. सॅमसंगचा ४ जीबीचाही येतो, तो चुकून गळ्यात मारून घेऊ नका, ८ चाच मागा. त्यात डेक्स आहे, म्हणजे खिडक्या एकमेकींशेजारी मांडता येतात, एकीत पीडीएफ, दुसरीत टर्मिनल. वनप्लसच्या स्क्रीनचं प्रमाण ७:५ आहे. आडवा धरला तरी उंची जास्त मिळते. कोड उभा वाढतो, त्यामुळे त्या चार-पाच ओळी जास्त दिसणं फार मोलाचं. रेडमी पॅड एसई, ११ इंच, स्नॅपड्रॅगन ६८०, हा जरा हळू पण पैसे वाचतात, त्यातही ८ जीबीचा येतो. यांच्या नंतरची मॉडेलं बाजारात आली असतील तर तीच बघा, फक्त ८ जीबी खरी रॅम, ११ इंच, फुल एचडीच्या वर स्क्रीन आणि १२८ जीबी स्टोरेज, यातलं काही सोडू नका. ८.७ इंची छोटा ए९ वाचायला छान, कोड लिहायला नको.

सिमवाला घेऊ नका. त्याला पैसे जास्त जातात, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. वाचलेल्या पैशांत कीबोर्ड, जाड कव्हर आणि टेंपर्ड ग्लास. केंद्रावर दूध सांडतं, हात ओले असतात.

लातूरची_मॅडम

आणि ताई, घेताना भावाला सोबत न्या. टाइप करून त्याला बघू द्या.

नीरेकाठची

घेतला! शनिवारी दोघं मिळून गेलो. ११ इंची, ८ जीबी, वायफायवाला. दुकानदार आधी ४ जीबीचा काढत होता, मी "८ चाच" म्हटल्यावर आतून आणला. भावानं तिथेच टर्मक्स टाकून ती कमांड दिली, "एआर्च६४" आलं. तारेचा कीबोर्ड, हब, कव्हर सगळं धरून १९ हजार ४०० झाले. रात्री घरी पोचल्यावर त्यानं कीबोर्ड जोडला आणि वहीतला प्रोग्रॅम न बघता टाइप केला. पुढचं तोच लिहील, त्याला इथे खातं काढून दिलंय.

दूधवही

नमस्कार सगळ्यांना. मी ताईचा भाऊ. पाच आठवडे झाले, म्हणून लिहितोय. तुमच्या सगळ्यांमुळे टॅब मिळाला, खूप खूप धन्यवाद.

एक अडचण आहे. डेबियनमध्ये काही मोठं चालू असलं आणि मी पीडीएफ उघडली की परत आल्यावर टर्मक्समध्ये "प्रोसेस कंप्लीटेड, सिग्नल ९" असं दिसतं आणि सगळं गेलेलं असतं. रॅम तर रिकामी दिसते.

टर्मिनलवेडा

तुझी चूक नाही, रॅमचीही नाही. अँड्रॉइड १२ पासून पार्श्वभूमीला चालणाऱ्या उप-प्रोसेसवर मर्यादा आहे, सगळ्या ॲप्सच्या मिळून ३२. त्याच्या वर गेलं की सिस्टिम मारून टाकते. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मार, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर तिथे चाइल्ड प्रोसेसवरचं बंधन काढायचा पर्याय आहे. तो चालू कर. शिवाय टॅब झोपी जाऊ नये म्हणून टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधलं "अक्वायर वेकलॉक" दाब आणि बॅटरी बचतीतून टर्मक्सला वगळ.

दूधवही

झालं दादा! कालपासून एकदाही बंद पडलं नाही.

आता दुसरं विचारतो. मी केंद्रासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरून. खातं क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकलं की दरपत्रकातून दर काढून रक्कम धरतो आणि दहा दिवसांचं बिल बनवतो. बाबा वहीत करतात तेच. पहिल्या दहा दिवसांचं बिल काढलं तर ४३ पैकी ९ खात्यांत एक-दोन पैशांचा फरक आला. बाबा म्हणाले, पैसा असला तरी तो शेतकऱ्याचा आहे, जुळल्याशिवाय हे वापरायचं नाही. मी रोजच्या रकमेला राउंड केलंय, दोन दशांशांपर्यंत. तीनदा तपासलं, गणित बरोबर आहे.

लातूरची_मॅडम

तुझे बाबा बरोबर बोलले. पायथनमध्ये २.६७५ ला दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघ. २.६८ यायला हवं, येईल २.६७. कारण २.६७५ हा आकडा कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमका बसतच नाही, आत तो कणभर कमी साठवला जातो. वहीत बाबा शाळेच्या पद्धतीनं अर्धा आला की वर घेतात. फरक तिथे पडतो.

पायथनचं डेसिमल मॉड्यूल वापर, ते आकडे दशमान पद्धतीत नेमके धरतं. आकडा त्याला अवतरणचिन्हात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून दे, नाहीतर चुकीचाच आकडा आत जाईल. आणि राउंडिंगची पद्धत स्वतः सांग, "राउंड हाफ अप". न सांगितली तर डेसिमल अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतो, तेही वहीशी जुळणार नाही. डेटाबेसमध्ये रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेव.

जुनाकोडर

मॅडम, अगदी नेमकं. बाळा, दरसुद्धा डेसिमलमध्येच ठेव, आणि राउंड एकदाच कर, रोजच्या रकमेला. बाबा वहीत जिथे करतात तिथेच. आधी त्यांना विचार.

दूधवही

विचारलं. ते प्रत्येक वेळच्या रकमेला करतात, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. मी दिवसाच्या बेरजेला करत होतो. दोन्ही दुरुस्त केलं.

काल संध्याकाळी लाइट नव्हती. केंद्र बंद केल्यावर बाबा वही घेऊन बसले, मी टॅब घेऊन. ते खातं वाचायचे, मी रक्कम सांगायचो. ४३ च्या ४३ जुळली, पैशापर्यंत. बाबांनी वहीत प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीनं टिंब दिलंय. म्हणाले, पुढचे तीन महिने दोन्ही चालू ठेवू.

आता लोक विचारतायत की पावती छापून मिळेल का. ब्लूटूथचा छोटा थर्मल प्रिंटर, ५८ मिलिमीटरवाला, टर्मक्समधून चालेल का?

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

चालवता येईल, मधे एक ॲप लागेल. त्याच्यासाठी नवा धागा काढ, इथे हरवून जाईल. प्रिंटर घेऊ नकोस अजून, माझ्याकडे दोन पडून आहेत, त्यांच्यावर आधी करून बघतो आणि सांगतो.